गुरुवारचा बाजार, शुक्रवारचा मेसेज

बाजाराच्या दिवशी बँकेत माणूस मावत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं बाजारगाव, डिसेंबरातला गुरुवार, कापूस घरात यायला लागलेला. आत पाय टाकला की आधी वास येतो: खर्र्याचा, संत्र्याच्या सालीचा, रात्रीच्या लाइनीत हरभऱ्याला पाणी देऊन तसंच निघून आलेल्यांच्या पायांवरच्या चिखलाचा. स्वेटरांच्या बाह्यांना कापसाचे तंतू चिकटलेले. कोपऱ्यातलं पासबुक छापायचं मशीन खर्रर्र करतं, थांबतं, आणि दर चौथ्या माणसाचं पासबुक तिरपं जाऊन अडकतं. त्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या कास्तकाराने बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढलं, छापून घेतलं आणि भिंतीशी उभं राहून आकड्यांवरून नख ओढत खाली खाली आला. अक्षरं त्याला जुळवावी लागतात, आकडे मात्र लगेच लागतात. ३४९. चार ओळी सोडून पुन्हा ३४९. शेवटून दुसऱ्या ओळीत पुन्हा ३४९. नख तिथे थांबलं. तो रांगेतून पुढे घुसला नाही, ओरडला नाही. पासबुक उघडंच धरून खिडकीपर्यंत गेला.

खिडकीतल्या मुलीने ओळी वाचल्या. "काकाजी, हे ऑनलाइन खरेदीचे पैसे आहेत. कार्डावरून कटले."

"म्या तं काई घेतलं नाई बाई. कार्ड पेटीत हाये."

"शेवटचे बारा तारखेला कटले, शुक्रवारी. मेसेज आला असंल ना तुम्हाले?"

"मेसेज पुण्याले येते," म्हातारा म्हणाला. "थो नंबर पोराचा हाये."

मागचे दोघेतिघे हसले. मुलगी हसली नाही. तिने डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं, करंगळीपाशी थांबली, आणि कोरा कागद पुढे सरकवून म्हणाली, "अर्ज लिहून द्या."

बाकी सगळं रोजचंच. मनात राहिली ती बोटं.

ती दिवस मोजत होती. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं. खात्यातून खातेदाराच्या संमतीवाचून पैसे गेले तर नुकसान कोणाचं, हे त्यात ठरवून दिलंय. ग्रामीण बँकाही त्यात येतात. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरात निघालं. चूक बँकेची असेल तर खातेदाराचं काही जात नाही, त्याने कळवलेलं असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, मधल्याच कोणीतरी हात मारला, तर मात्र दिवस मोजायचे. बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर खातेदाराची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर जबाबदारी मर्यादित. सातच्या पुढे गेलं की त्या बँकेच्या संचालक मंडळाने जे धोरण ठरवलं असेल ते. मेसेजचा दिवस धरायचा नाही, आणि कामकाजाचे दिवस खातं ज्या शाखेत आहे त्या शाखेचे. शुक्रवारी मेसेज. शनिवार दुसरा, म्हणून बँक बंद. रविवार. सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. गुरुवार चौथा.

गावाचा आठवडा बाजारापासून बाजारापर्यंत असतो. दाढी, दळण, औषधाची गोळी, मुलीच्या सासरी द्यायचा निरोप, तहसीलचा कागद, बँक, सगळं त्या एका दिवशी. एरवी तालुक्याला जायचं म्हणजे फाट्यापर्यंत पायी, फाट्यावर काळीपिवळीची वाट, आणि वेचणीच्या दिवसांत एक रोज बुडाला. अशा गावात शुक्रवारी पैसे कटले तर माणूस बँकेच्या दारात येतो पुढच्या गुरुवारी. हा नियम करणाऱ्यांनी कोणाचं वाईट चिंतलं असं नाही, उलट बऱ्यापैकी न्यायाने केलेला नियम आहे. पण त्यांच्या डोळ्यासमोरचा माणूस मेसेज वाजला की खिशातून फोन काढणारा होता.

आणि त्या मर्यादित जबाबदारीतही एक खोच आहे, ती कोणी उलगडून सांगत नाही. चार ते सात दिवसांच्या खान्यात साध्या जनधनसारख्या खात्याला ५,००० रुपयांची मर्यादा आहे, इतर बचत खात्यांना १०,००० ची. ऐकायला बरं वाटतं. पण वाक्य असं आहे की व्यवहाराची रक्कम किंवा ही मर्यादा, दोन्हींत जी कमी असेल ती खातेदाराने सोसायची. चाळीस हजार गेले असतील तर पाच हजारांवर सुटका. ३४९ गेले असतील तर ३४९ चे ३४९ त्याचेच. म्हणजे छोट्या रकमेला तीन दिवसांच्या आतच काय तो आडोसा, नंतर उघडं वावर. आणि खेड्यातल्या खात्यातून गुपचूप जाणाऱ्या रकमा बहुतकरून छोट्याच असतात. त्या छोट्या ठेवण्यातच धंद्याची हुशारी आहे. ३४९ साठी कोण दिवस मोडतो?

आता ते गेले कसे. अर्ज लिहिता लिहिता एकेक निघालं. सप्टेंबरात नातवाने फोनवर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात पाहिली. पहिली बाटली फक्त ४९ रुपयांत, घरपोच. आजोबांचं कार्ड पेटीतून निघालं, सोळा आकडे टाकले, ओटीपी गेला पुण्याला, पुण्याहून फोन आला, सहा आकडे मोठ्याने सांगितले गेले, इकडे टाकले गेले. सगळ्या घरादाराने मिळून ४९ रुपयांना होकार दिला. त्या पानावर खाली बारीक अक्षरांत दरमहा बाटली येईल आणि दरमहा ३४९ कटतील असं लिहिलेलं होतं आणि त्याच्यापुढची खूण आधीच केलेली होती. कार्डावरच्या आवर्ती वसुलीला, म्हणजे ज्याला सगळे मँडेट म्हणतात त्याला, नोंदणीच्या वेळी ओटीपी लागतोच. पण नोंदणी आणि पहिला व्यवहार एकत्र असेल तर दोन्हींना मिळून एकच ओटीपी चालतो. ४९ रुपयांसाठी सांगितलेल्या त्या सहा आकड्यांनी मँडेटही बांधलं गेलं. पुढचे हप्ते १५,००० पर्यंत विनाओटीपी जाऊ शकतात. ऑक्टोबरात एक बाटली आली, नोव्हेंबरात एक. कुरियरवाला गावात येत नाही, फाट्यावरच्या पानठेल्यावर ठेवून फोन करतो. घरच्यांना वाटलं, ४९ वाल्याच बाटल्या असतील, फुकट पाठवत असतील. डिसेंबरची अजून आलेली नाही. पैसे आधी गेले.

या घरात व्हीपी, म्हणजे पोस्टमनला पैसे मोजून सोडवायचं पार्सल, नवी नाही. म्हाताऱ्याच्या पिढीने टपालाने खूप काही मागवलेलं असतं: घड्याळ, टॉर्च, बियाणं, केस काळे करायचं औषध, पंधरा दिवसांत इंग्रजी शिकवणारी पुस्तकं. पोस्टमन सायकल ओट्याला टेकवून हाक मारायचा, "व्हीपी आली." मग घरात चर्चा. सोडवायची का परत करायची? पैसे कोणाजवळ आहेत? म्हातारी लुगड्याच्या गाठीतून नोटा काढून, ओल्या अंगठ्याने मोजून द्यायची, तेव्हा कुठे खोका हातात पडायचा. फसवणूक त्यातही होतीच. पैसे मोजल्याशिवाय खोका उघडता यायचा नाही, आणि उघडल्यावर घड्याळाऐवजी विटेचा तुकडा निघाल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात एकदोन आहेत. पण १८९८ च्या टपाल कायद्यात व्हीपीत फसवणूक झाली तर वसूल केलेले पैसे पोस्टाने रोखून घेणाऱ्याला परत देण्यासाठी नियम करायची सोय होती. सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी असा विचार केला होता की पैसा अजून वाटेत आहे तोवर थांबवता आला पाहिजे. मला त्याहून मोठी वाटते ती ती गाठ. एक खोका, एक गाठ. दुसऱ्या महिन्याचा खोका आला की गाठ पुन्हा सोडावी लागायची, आणि नको असेल तर "वापस पाठवून द्या" म्हटलं की संपलं. मँडेटमध्ये गाठ एकदाच सुटते ती सुटलेलीच राहते.

टपालाने माल पाठवायचा धंदा मुळात शेतकऱ्यासाठीच निघाला, हा त्यातला विनोद. १८७२ मध्ये शिकागोत माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने पहिली यादी छापली ती दूरदूरच्या शेतांवर राहणाऱ्यांसाठी, ज्यांना जवळचा दुकानदार मनाला येईल तो भाव लावायचा. माल पसंत नसेल तर पैसे परत, हे वचनही त्या धंद्याने लवकरच छापलं, कारण न पाहिलेल्या माणसाला पैसे पाठवायला दुसऱ्या कशाने कोणी तयार होत नव्हतं. त्याच देशाने १९७४ मध्ये क्रेडिट कार्डाच्या चुकीच्या बिलांचा कायदा केला, आणि त्यात तक्रारीला ६० दिवस दिले, तेही ज्या बिलात चूक पहिल्यांदा छापली ते बिल पाठवल्यापासून. हरवलेल्या डेबिट कार्डाला तिथेही एवढी सैल मुदत नाही, तेव्हा फार हुरळायचं कारण नाही. तरी कागद हाती पडल्यावर मोजायला सुरुवात करायची, ही कल्पना पासबुकावर चालणाऱ्या गावाला ओळखीची वाटावी अशी आहे.

पासबुकाची ओळ वाचणं हे वेगळंच कसब आहे. कट झालेला प्रत्येक पैसा चोरीचा नसतो, आणि चोरीचा पैसा चोरीसारखा दिसत नाही. मे-जूनमध्ये २० रुपये गेले असतील तर तो सरकारी योजनेचा अपघात विमा, ४३६ गेले असतील तर जीवन ज्योती विमा. दोन्हींचे हप्ते १ जून २०२२ पासून तेवढे झाले, आधी १२ आणि ३३० होते. कार्डाचा वार्षिक आकार १८ टक्के जीएसटीसकट जातो, म्हणून त्यात पैशांचे आकडे दिसतात. काही बँकांत मेसेजचेही पैसे तिमाहीला कटतात, मेसेज पुण्याला गेला तरी. लोक या रकमांवरून बँकेत भांडतात, आणि ३४९ च्या ओळीला विमा समजून सोडून देतात. ओळीत ईकॉम किंवा पीओएस असेल तर कार्ड, यूपीआय असेल तर यूपीआय, नॅच असेल तर खात्यावरच लावलेलं वसुलीचं मँडेट. हे आधी ठरवायचं, कारण औषध वेगळं आहे. कार्ड बंद केलं की सगळं बंद झालं असं समजून माणसं निश्चिंत घरी जातात आणि पुढच्या महिन्यात यूपीआय ऑटोपेने पैसे पुन्हा जातात. कार्ड बंद केल्याने यूपीआय थांबत नाही, नॅच थांबत नाही. यूपीआयचं मँडेट त्या ॲपच्या ऑटोपेमध्ये जाऊन, पिन टाकून रद्द करायचं. नॅचचं शाखेत अर्ज देऊन. कार्डाचं बँकेच्या मँडेटच्या पानावर किंवा शाखेतून, आणि जोडीला कार्डावरची ऑनलाइन खरेदीची सोयच बंद करून टाकायची. जानेवारी २०२० च्या परिपत्रकापासून ही सोय चालू-बंद करणं ग्राहकाच्या हातात आहे. एटीएममधून पैसे काढायला काही अडत नाही. ज्याचं कार्ड वर्षभर पेटीत असतं त्याच्या कार्डाला ऑनलाइनची खिडकी कशाला उघडी पाहिजे?

ओळीत जे नाव दिसतं ते बाटलीवरच्या कंपनीचं असेलच असं नाही. मधल्या वसुली कंपनीचं असतं, किंवा अर्धंच छापलेलं. म्हणून तर पोरगं म्हणतं, "आबाजी, असल्या नावाचं आपण काहीच नाही घेतलं," आणि खरंच बोलतं. नावापेक्षा महत्त्वाचा तो बारा आकडी संदर्भ क्रमांक, आरआरएन. पासबुकात तो कधी येतो, कधी कापला जातो. न आल्यास शाखेतून मागून घ्यायचा. तक्रार कुठेही न्या, पहिली विचारणा त्या बारा आकड्यांची होते.

पुढची चूक फार होते आणि ती शिकलेले लोकच जास्त करतात. तक्रारीत सरळ लिहितात, "माझ्या खात्यात फसवणूक झाली, हा व्यवहार मी केलेलाच नाही." बँक कंपनीला विचारते, कंपनी सप्टेंबरचा ओटीपी दाखवते, तक्रार निकाली. खरं काय ते लिहायला हवं: ४९ रुपयांची एक बाटली मागवली, तेवढ्यालाच संमती होती, दरमहा वसुलीला संमती दिलेली नाही, अमुक अमुक तारखांना ३४९ प्रमाणे तीनदा गेले, मँडेट रद्द करावं आणि रक्कम परत मागावी. हा वाद वेगळ्या खान्यात बसतो आणि बँक तो कार्डाच्या जाळ्यातून कंपनीच्या बँकेकडे पाठवू शकते. त्याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक वादांना १२० दिवसांची मुदत असते. ती ग्राहकाची नव्हे, बँकांच्या आपसातली, त्यामुळे अर्ज टेबलावर पडून राहिला तरी ती पळतच असते. खोटं लिहून खरी तक्रार बुडवू नये. आणि ज्या कार्डाचा नंबर सरळ चोरीला गेला, काही मागवलेलंच नाही, ओटीपी कोणी दिलाच नाही, तिथे मात्र ठामपणे तसंच लिहावं. तिथे संमती होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे. कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, हेही त्याच परिपत्रकात आहे. ओटीपी स्वतः सांगून बसलेल्याचं नुकसान कळवेपर्यंत त्याचं. पण कळवल्याच्या क्षणापासून पुढे जे जाईल ते बँकेचं. म्हणून उशीर झाला असं म्हणून घरी बसणाऱ्याला पुढच्या महिन्याचेही घालवावे लागतात.

आणि कळवायला बाजाराची वाट पाहायची गरज नाही, हे कोणी सांगतच नाही. चोवीस तास तक्रार घेणं बँकेवर बंधनकारक आहे. कार्डाच्या मागे, पासबुकाच्या पहिल्या पानावर टोल-फ्री नंबर असतो. तिथे फोन केला की तक्रारीचा नंबर मिळालाच पाहिजे. तो नंबर, दिनांक, वेळ पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. रक्कम मोठी असेल, नुकतीच गेली असेल, तर त्याआधी १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तिथे वेगाला किंमत आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असताना पहिल्या काही तासांत मधेच गोठवता येतो, आठवड्याने नाही.

नंबर मात्र कार्डावरूनच वाचायचा. इंटरनेटवर बँकेचा किंवा कंपनीचा नंबर शोधणारा माणूस एका चोराकडून दुसऱ्याकडे जातो. तिकडचा माणूस गोड बोलतो, पैसे परत देतो म्हणतो, फोनमध्ये एक ॲप टाकायला लावतो, पडदा त्याच्याकडे दिसायला लागतो, मग म्हणतो पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही. देतानाच लागतो. ३४९ परत मिळवायला गेलेला माणूस कापसाचा सगळा चुकारा घालवून येतो तो याच वाटेने.

मँडेटचे पैसे कटायच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. कोणाला, किती, कधी, आणि नको असेल तर थांबवायची सोय. नियम चांगलाच आहे. पण ती थांबवायची सोय बहुतेक वेळा मेसेजमधल्या लिंकवर असते, आणि ग्रामसभेपासून शाळेच्या भिंतीपर्यंत आपण गेली कित्येक वर्षं लोकांना शिकवतोय की मेसेजमधल्या लिंकला हात लावायचा नाही. शहाण्या माणसाने काय करावं? पुण्यातल्या पोराने अकरा तारखेला तो मेसेज पाहिला असेलच. इंग्रजीत होता, बापाच्या खात्याचा होता, शिफ्ट चालू होती. त्याला दोष देता येत नाही. खातं उघडलं तेव्हा गावात टॉवर नव्हता म्हणून त्याचा नंबर दिला गेला होता, आणि तेव्हा ती हुशारी होती. नंबर बदलायचा फॉर्म एका पानाचा आहे, पण तो भरायची आठवण पैसे गेल्यावरच होते. काही घरांत तर खात्याला जोडलेला नंबर कधीच बंद पडून कंपनीने दुसऱ्याच कोणाला देऊन टाकलेला असतो. मेसेज जातो, पोचतो. फक्त अनोळखी माणसाला.

म्हाताऱ्याने पिशवीतून खोकं काढलं तेव्हा मुलगी पहिल्यांदा खुलली. नोव्हेंबरच्या बाटलीचं पुठ्ठ्याचं खोकं, त्यात त्याने खिळे ठेवले होते. वरचा कागद अर्धा फाटलेला, पण पारदर्शक खिसा शाबूत, आणि त्यात घडी केलेलं बिल. हा कागद म्हणजे निम्मी तक्रार. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक, कुरियरचा नंबर, मालाची तारीख. वेबसाइट उद्या गायब होते, जाहिरात तर पुन्हा दिसतच नाही, कंपनी जमिनीवर कुठे आहे ते सांगणारी हीच एक चिठ्ठी. आणि घराघरांत ती चूल पेटवायला जाते. तिच्या पत्त्यावर कंपनीला तक्रार गेली की २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने तिची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत ती निस्तरायची. आधीच करून ठेवलेली खूण म्हणजे संमती नव्हे, हेही त्याच नियमांत आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा फसव्या युक्त्यांची यादी सरकारने अधिसूचित केली. वर्गणीचा सापळा त्यात नावानिशी आहे. कंपनीने ऐकलं नाही तर १९१५ ची ग्राहक हेल्पलाइन. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाही पटलं, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, फुकट, आणि १४४४८ वर फोन केला तर वाट सांगतात. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. सगळ्या पायऱ्या आहेत, पक्क्या बांधलेल्या आहेत. १,०४७ रुपयांसाठी त्या कोण चढतो, हा प्रश्न त्या पायऱ्या बांधणाऱ्याला पडत नसावा. या खिडकीवर तो रोज पडतो, आणि कधी कधी वाटतं की न चढणाऱ्याचा हिशेबच बरोबर आहे. मग दुसऱ्या गुरुवारी आणखी कोणीतरी तीच रक्कम दाखवतं.

अर्ज मुलीनेच लिहिला, शुद्ध मराठीत. म्हाताऱ्याने वाकडी पण पूर्ण सही केली. मधे एकदा त्याने विचारलं, "ह्या दोन बाटल्या हायेत घरी, फोडल्या नाई. वापस कोणाले देऊ?" तिने सांगितलं, तशाच ठेवा, फोडू नका, कोणी मागितल्या तर पावती घेऊन द्या. "गुडघा तं दुखूनच राह्यला," तो म्हणाला. कार्डाची ऑनलाइनची सोय बंद झाली, मँडेट रद्द केल्याचा मेसेज पुण्याला गेला, नंबर बदलायचा फॉर्म सोबत भरला गेला. पासबुकाची झेरॉक्स, खोक्यावरच्या कागदाची झेरॉक्स. अर्जाच्या दोन प्रती, एक बँकेला, एक आपल्याला. मुलीने पॅडवर शिक्का दाबला आणि त्याच्या प्रतीवर उमटवला. जांभळी शाई, मिळाल्याची खूण, तारीख.

म्हाताऱ्याच्या मागे रांग वाढली होती. मुलीने पुढच्याचं पासबुक ओढलंसुद्धा. म्हातारा मात्र खिडकीशीच उभा, कागद डोळ्यांजवळ धरून. अक्षरं सोडून त्याने आकडेच पाहिले.

"बाई, याच्यावर सतरा पडली. आज अठरा हाये. बाजार हाये न आज."

मुलीने शिक्का उलटा केला. सकाळी कोणी चाक फिरवलंच नव्हतं, काल बुधवारचीच तारीख तशी राहिली होती. ती क्षणभर शिक्क्याकडे पाहत राहिली, मग त्याच्याकडे. सतरा म्हणजे तिसरा दिवस. काही बोलण्यासाठी तिने तोंड उघडलं, आणि मागून कोणीतरी "ओ मॅडम, लवकर" म्हणून ओरडलं.

"चुकीची तारीख नोका ठेवू," म्हातारा समजावल्यासारखा म्हणाला, "मंग तुमच्याच मांगं लागतीन."

तिने बॉलपेनच्या टोकाने छोटं रबरी चाक एक घर पुढे ढकललं, जुन्या शिक्क्यावर काट मारली, आणि बाजूला नवा उमटवला.